ठसा, टपाल आणि ‘ळ’

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही ऐतिहासिक लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मराठी माणसास ‘ऐतिहासिक’ म्हटले की किल्ले, मोहिमा आणि तह आठवतात. बंगालात राहणाऱ्या मराठी माणसास तर नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या टाळताच येत नाहीत. १७४२ साली त्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी खणावयास घेतलेला ‘मराठा खंदक’ आणि येथील अंगाईगीतांत शिरलेले ‘बर्गी’ यांविषयी शेजारच्या बंगाली कुटुंबांकडून आम्ही इतके ऐकले आहे की, त्यांत भर घालण्याचे धाडस होत नाही. म्हणून आम्ही विषय निवडला आहे तो पुष्कळ लहान. दर वर्षी मार्गशीर्षात आपल्या मंडळाच्या सभागृहात सतरंज्यांवर वर्तमानपत्रे पसरून मुले, त्यांच्या आया आणि एखाददुसरे निवृत्त गृहस्थ हाताने ठसे उमटवून संक्रांतीची शुभेच्छापत्रे करतात. त्या छंदामागे केवढा इतिहास उभा आहे, हे सांगावे असा आमचा मानस आहे.

आम्ही पेशाने केंद्र सरकारचे नोकर. ठशाशी आमचा संबंध रोजचा. ‘आवक’, ‘जावक’, ‘तातडीचे’, ‘गोपनीय’ असे शिक्के आणि शाईची चपटी गादी यांच्या सहवासात तीस वर्षे गेली. परंतु हातातील वस्तूचे कूळ कोणते, असा प्रश्न नोकरीत कोणी विचारीत नाही. तो आम्हांस पडला तो एका चुकीमुळे. ती चूक पुढे येईलच.

मराठी बोलणाऱ्यास ठशाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण बोलताना सहज वापरतो, पण त्यात दोन निरनिराळे ठसे आहेत हे ध्यानात येत नाही. जुन्या मराठी कागदांत मुद्रा, म्हणजे शिक्का, वरच्या बाजूस उमटवीत, तर मजकूर संपला तेथे मोर्तब करीत. मोर्तबाचा उपयोग अगदी व्यावहारिक होता. त्याच्या खाली कोणी आणखी एखादी ओळ घुसडली तर ती खोटी, हे पाहताक्षणी कळावे. शिवछत्रपतींची अष्टकोनी संस्कृत मुद्रा प्रत्येकाने चित्रात पाहिलेली असते. मोर्तबाची लहानशी मुद्रा मात्र फारशी कोणी पाहत नाही. पेशवाईची वस्त्रे देताना शिक्के-कट्यार देत. हत्यार आणि ठसा, दोन्ही एकाच तबकात. याचा अर्थ उघड आहे. ज्याच्या हाती ठसा, त्याच्या हाती शब्द.

तथापि ठसा करणाऱ्याची अडचण राज्य करणाऱ्याहून वेगळी असते. त्यास अक्षर उलटे कोरावे लागते. उजवे ते डावे, डावे ते उजवे. कागदावर सुलट उमटेल असे अक्षर धातूत किंवा लाकडात उलट पाहावयाचे, ही एक निराळीच साक्षरता आहे. आम्ही मूळचे मिरजेकडचे, म्हणून या संदर्भात गावाचा अभिमान थोडा मिरवून घेतो. नाना फडणवीसांच्या मनात भगवद्गीता छापवून घ्यावयाची होती. पुण्याचे ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने तेथे चित्रकला आणि कोरीव काम शिकविण्याची सोय झाली होती. तेथे तयार झालेल्या एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यांवर गीतेची अक्षरे कोरावयास घेतली. १८०० साली नाना वारले आणि काम अर्धवट राहिले. तो कारागीर पुढे मिरजेस आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली मिरजेत ती गीता छापून निघाली. गीतेचे सातशे श्लोक तांब्यात उलटे कोरणाऱ्या त्या माणसाचे डोळे आणि मान काय झाले असतील, याचा विचार आम्ही लहानपणी कधी केला नव्हता. स्वतः एक अक्षर रबरात कोरून पाहिल्यावर केला.

योगायोग असा की, त्याच १८०५ साली येथे, आपल्या या हुगळीच्या काठी, श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण बाहेर पडले. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत. त्यांना साहाय्य होते ते नागपूरकडील वैजनाथ पंडितांचे. त्या छापखान्यातील देवनागरी खिळ्यांमागे हात होता पंचानन कर्मकार यांचा. पंचानन हे बंगालचे लोहार-कारागीर. १७७८ साली हुगळी येथे छापलेल्या हॅलहेडच्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली त्यांनी बंगाली अक्षरे घडविली होती. त्यांच्यामागून त्यांचे जावई मनोहर यांनी ते काम चालविले. मराठीत त्या काळी रोजचे लेखन मोडीत होई, म्हणून पुढे श्रीरामपुरास मोडीचेही खिळे पाडले आणि १८१० साली केरींचा मराठी कोश मोडी लिपीत निघाला. म्हणजे मुद्रित मराठीचे एक बाळंतपण मिरजेस झाले आणि एक बंगालात. परगावी राहणाऱ्या आपल्या मुलांस ही गोष्ट आवर्जून सांगावी. आपण येथे अगदीच परके नाही.

आता टपालाकडे वळू. शुभेच्छापत्र टपालावाचून संभवत नाही, आणि टपाल स्वस्त झाल्याशिवाय सामान्य माणूस निव्वळ शुभेच्छांसाठी पत्र पाठवीत नाही. १८४० साली इंग्लंडात रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणे एक पेनीत देशभर पत्र जाऊ लागले. त्या योजनेसाठी खटपट करणाऱ्यांत हेन्री कोल नावाचा एक सरकारी नोकर होता. पत्रे स्वस्त झाली, त्याबरोबर याच्या टेबलावर नाताळच्या पत्रांचा ढीग पडू लागला आणि सर्वांना उत्तरे लिहिणे अशक्य झाले. तेव्हा १८४३ साली त्याने जॉन कॉलकट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या एक हजार प्रती शिळाछापावर काढविल्या आणि हाताने रंगविल्या. वापरून उरलेल्या एकेक शिलिंगास विकावयास ठेवल्या. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र म्हणून जे ओळखले जाते ते हेच. चित्रात मध्यभागी एक कुटुंब मद्याचे पेले उंचावीत आहे आणि दोन्ही बाजूंस गरिबांना अन्नवस्त्र देण्याची दृश्ये आहेत. लहान मुलासही मद्य पाजीत आहेत असे दाखविल्यामुळे दारूबंदीवाले संतापले. असो. आम्हांस त्यात गंमत वाटते ती निराळीच. छापील शुभेच्छापत्राचा उगम एका कामाच्या ओझ्याखालील सरकारी अधिकाऱ्याने पत्रे लिहिण्याचा कंटाळा केला, यात आहे. हाताने ठसे उमटवून एकेक पत्र करणारा माणूस हा त्या कोलसाहेबाच्या अगदी उलट दिशेने चालत असतो.

हिंदुस्थानात १८५४ च्या ऑक्टोबरात सर्व देशासाठी टपाल तिकिटे सुरू झाली. ती छापली गेली कलकत्त्यास, सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत, कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली, शिळाछापावर. नकाशे छापणाऱ्या कचेरीने राणीचे मुखवटे छापले. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे कार्ड निघाले, आणि खऱ्या अर्थाने पत्र गरिबाच्या घरी पोहोचले. लेखनिकाकडून चार ओळी लिहवून घेणे परवडू लागले.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, संक्रांत ही टपालखात्याची कसोटी असे. दिवाळीची भेटकार्डे सगळ्या देशात जात; तिळगुळाची कार्डे मात्र खास आपली. कार्डाच्या कोपऱ्यात चिमूटभर हलवा किंवा तिळाचे चार दाणे जिलेटिन कागदाच्या पुडीत शिवलेले किंवा चिकटविलेले असत. ती पाकिटे उघडी ठेवून बुकपोस्टाने पाठवीत, कारण दर कमी पडे. टपाल कचेरीतील तारखेचा शिक्का नेमका त्या पुडीवर बसे आणि हलव्याचे पीठ होऊन पाकिटातून सांडे. आमच्या मामांनी एकदा पाकिटावर ‘कृपया शिक्का डावीकडे मारावा’ असे लिहिले होते. शिक्का उजवीकडेच, पूर्वीहून जोराने पडला होता. तरीही त्या पिठाची चव आम्ही बोटाने घेतलीच. नोकरीनिमित्त पुढे आम्ही पाच राज्यांत राहिलो. संक्रांतीच्या सुमारास दारात पडणाऱ्या पाकिटांच्या संख्येवरून गाव आपल्याला किती विसरले आहे, हे दर वर्षी मोजता येत असे.

रबरी शिक्क्याचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ताठरते. गंधकासह तापविल्यास ते टिकाऊ आणि लवचीक होते, हा शोध अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली लागला. पेटंट मिळाले १८४४ साली. रबरी शिक्के तेथेच १८६० नंतरच्या दशकात वापरात आले. ते प्रथम कोणी केले याविषयी दोघांतिघांनी दावे केले, त्यांत आपण पडू नये. कृती मात्र पाहण्यासारखी आहे, आणि ती आम्ही येथील बाजारात पुष्कळ वेळा उभ्याने पाहिली. कारागीर शिशाचे खिळे जुळवून मजकूर बसवितो. त्याचा साचा ओल्या मिश्रणात दाबून घेतो. साचा सुकल्यावर त्यावर रबराचा पत्रा ठेवून तापत्या दाबयंत्रात घालतो. थोड्या वेळाने रबर निघते ते अक्षरे अंगावर घेऊनच. मग कात्रीने कापावयाचे आणि लाकडी मुठीस चिकटवावयाचे. संगणक आल्यानंतर खिळ्यांची गरज संपली आणि ही दुकाने एकेक करून बदलली. आमच्या हकीकतीच्या वेळी मात्र खिळेच होते.

या रबरी शिक्क्यास कचेरीबाहेर काढून छंदाचे साधन कोणी केले, असे विचाराल तर पाश्चात्त्य देशांतील चित्रकारांनी आणि त्यांच्यामागून गृहिणींनी. १९७० ते १९९० या काळात अमेरिकेत फुलापाखरांचे, झाडांचे, प्राण्यांचे रबरी ठसे विकणारी दुकाने निघाली, त्या विषयास वाहिलेली नियतकालिके निघाली. ओल्या शाईवर बारीक भुकटी पसरून तापविली की अक्षर उठावदार होते, ही लग्नपत्रिकांवरची युक्तीही घराघरांत गेली. जपानातील परंपरा आम्हांस अधिक जवळची वाटते. तेथे नववर्षाची पत्रे १ जानेवारीस एकदम वाटण्यासाठी टपालखाते ती आधीपासून जमा करून ठेवते. त्या पत्रांवर त्या वर्षाच्या प्राण्याचे चित्र हवे, आणि ते बटाट्यात, खोडरबरात किंवा लाकडात स्वतः कोरलेले असले तर उत्तम. १९७७ साली तेथे घरच्या घरी पत्रे छापण्याचे एक खेळण्याएवढे यंत्र निघाले आणि घरोघर गेले. २००८ साली ते बंद झाले, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. बटाटा काही बंद झाला नाही.

परंतु इतके दूर जाण्याचे कारणच काय? ठशाच्या कलेत बंगालचा हात धरणारे थोडे. उत्तर कलकत्त्यात चितपूरच्या बाजूस बटतला म्हणून भाग आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तेथील स्वस्त पुस्तकांत आणि पंचांगांत लाकडी ठशांची चित्रे असत: देवदेवता, बाबू लोक, मासे आणि मांजरे. शिळाछापाची रंगीत चित्रे आली आणि ते लाकूडकाम मागे पडले. पुढे शांतिनिकेतनात नंदलाल बसूंनी लिनोलियमवर कोरण्याची रीत अशी हस्तगत केली की, १९३० साली दांडीकडे निघालेल्या गांधीजींचे त्यांनी कोरलेले काळ्यापांढऱ्यातील चित्र आज साऱ्या देशाच्या डोळ्यांसमोर आहे. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकासाठीही त्यांनी चित्रे कोरली. बंगालातील मूल अक्षरे शिकते ते त्या चित्रांच्या संगतीत. जमिनीवर घालावयाच्या फरशीसारख्या लिनोलियममधून एवढे निर्माण व्हावे, हे नवल खरेच. नंदलाल शिष्यांना आणि स्नेह्यांना साध्या कार्डांवर चित्रे काढून पाठवीत. विनायक मासोजी हे मराठी चित्रकार त्यांचे शिष्य. ते पुढे कलाभवनात शिक्षकही होते. आजही डिसेंबरच्या आरंभी नंदलालांच्या जन्मदिवसाच्या निमित्ताने कलाभवनाच्या आवारात ‘नंदन मेळा’ भरतो. तो १९७३ पासून चालू आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः छापलेली कार्डे तेथे विकत मिळतात. मंडळाच्या सभासदांनी एकदा अवश्य जावे. आम्ही तेथून आणलेली कार्डे कोणास पाठविण्याचे आजवर मनात आले नाही, इतकी ती चांगली आहेत. शुभेच्छापत्राचा हा एक दोषच म्हणावयाचा.

आता ती चूक.

आमची येथे पहिली बदली झाली २००३ साली. मंडळात आम्ही नवे. काही काम अंगावर घ्यावे म्हणून संक्रांतीच्या कार्डांची जबाबदारी घेतली. तोवर मंडळ छापील कार्डे पुण्याहून मागवीत असे. त्या वर्षी खर्च वाचविण्यासाठी साधी कोरी कार्डे आणून त्यांवर रबरी ठसा मारावा, असा आमचा प्रस्ताव समितीने मान्य केला. इंचभर उंचीची ठळक अक्षरे हवीत, शब्द एकच, ‘तिळगूळ’, असे आम्ही बाजारातील एका शिक्केवाल्यास कागदावर लिहून दिले. वयस्क, सज्जन आणि आपल्या कामात तरबेज असा तो गृहस्थ. ठसा वेळेवर मिळाला. रविवारी मुले जमली, दोन तासांत अडीचशे कार्डांवर ठसे उमटले. आम्ही एका बाजूस खुर्ची टाकून बसलो होतो आणि देखरेख करीत होतो, अशी आमची समजूत होती.

दुपारी काकू आल्या. काकू म्हणजे मंडळाच्या स्थापनेपासूनच्या सभासद. यजमान कारखान्यात इंजिनियर होते, त्यांच्याबरोबर १९६० च्या पुढे त्या येथे आल्या आणि येथल्याच झाल्या. त्यांच्या आवडीनिवडी साध्या. वर्तमानपत्रातील शब्दकोडे, क्रोशाची तोरणे, रेडिओवरची नाट्यगीते आणि बंगाली शेजारणींना पुरणपोळी शिकविणे. त्यांनी एक कार्ड उचलले, चष्म्याखालून पाहिले आणि शांतपणे विचारले, “भाऊसाहेब, हे ‘तिलगूल’ कोणत्या गावचे?”

आम्ही कार्ड पाहिले. अडीचशे कार्डांवर ‘तिलगूल’.

शिक्केवाल्याकडे ‘ळ’चा खिळा नव्हता. हिंदीस ‘ळ’ लागत नाही, बंगालीत तो नाही. त्यास आमचे अक्षर लिहिणाऱ्याच्या हाताची चूक वाटली आणि त्याने ती आपणहून, सद्भावनेने सुधारली. त्याचा काय दोष? आम्ही ठसा ताब्यात घेताना कागदावर उमटवून पाहिला होता, पावतीवर सहीदेखील केली होती. वाचल्यावाचून सही करण्याची ही सवय कोठली, हे वाचकांस सांगावयास नको. आमच्या कचेरीतील एका ओडिया सहकाऱ्यास दुसऱ्या दिवशी हे सांगितले, तेव्हा तो मात्र एकदम हळहळला. ओडियात ‘ळ’ आहे. गुजरातीत आहे, राजस्थानीत आहे, दक्षिणेच्या भाषांत आहे, ऋग्वेदातही आहे. आपण ज्यास खास आपले म्हणून कुरवाळतो, ते अक्षर एवढ्यांचे आहे. फक्त आम्ही जेथे ठसा करविला तेथे ते नव्हते.

कार्डे फेकून द्यावीत, असे आमचे म्हणणे पडले. नवी आणण्यास पैसे नव्हते, वेळही नव्हता. काकूंनी मुलांकडून एक खोडरबर मागून घेतले. पातळ कागदावर पेन्सिलीने ठळक ‘ळ’ काढला. कागद रबरावर पालथा घातला आणि चमच्याच्या पाठीने घासला. अक्षर आपोआप उलटे होऊन रबरावर उतरले. मग दाढीच्या पात्याचा तुकडा चिमट्यात धरून त्यांनी ते कोरले. कडा सरळ खाली न कापता बाहेरच्या बाजूस उतरत्या ठेवल्या. तसे न केल्यास दाबाने कड मोडते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. नंतर पतंगाचा रंगीत कागद आणविला. नखाएवढ्या चौकोनी पतंगांचा ढीग मुलींनी कापला. ‘तिलगूल’ या शब्दातील प्रत्येक ‘ल’वर एक पतंग चिकटला आणि प्रत्येक पतंगावर ‘ळ’ उमटला. अडीचशे कार्डे, पाचशे पतंग. रात्री नऊ वाजता काम संपले. आमची कन्या तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या बोटांची निळी शाई तीन दिवस गेली नाही.

ती कार्डे गावोगाव गेली, आणि पुढील वर्षी पुण्याहून, इंदूरहून, बडोद्याहून विचारणा आली की, यंदा पतंग का नाहीत. ते सांगण्याची लाज वाटून आम्ही पुन्हा पतंग केले. तेव्हापासून प्रथा पडली. शिक्केवाल्याकडे आम्ही तक्रार करावयास गेलो नाही. काकूच गेल्या, हातात आपला रबरी ‘ळ’ घेऊन. त्याने तो कागदावर उमटवून पाहिला, आणखी एकदा उमटवून पाहिला आणि तो कागद दुकानातील नमुन्यांच्या फळीवर लावला. आमची येथून बदली झाली तेव्हाही तो तेथे होता.

नंतरच्या वर्षांत काकूंनी हा छंद वाढविला. बटाट्याचे ठसे लहान मुलांसाठी, कारण ते कापावयास सोपे. मात्र कापल्यावर फडक्याने पाणी टिपून घ्यावे लागते आणि ते एका दिवसाचेच. भेंडी आडवी कापली की फूल तयार. खोडरबर मधल्या मुलांसाठी, लिनोलियम मोठ्यांसाठी. शिक्क्याच्या गादीची शाई खडबडीत कागदावर पसरते, म्हणून स्पंजावर पोस्टर रंग. कार्डांसाठी सभासदांकडे आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. कोणी पुण्यास गेले तर त्यांनी हातकागद आणावा, असा दंडक. कोणाच्या घरी शाडूचे साचे, कोणाच्या घरी रांगोळीच्या छापाचे डबे. सगळे तेथे येई.

यातून एक गोष्ट घडली, ती आम्हांस कोणत्याही प्रदर्शनाहून मोलाची वाटते. आपली मुले शाळेत इंग्रजी, हिंदी आणि बंगाली शिकतात. मराठी घरात ऐकतात, पण लिहीत नाहीत. “मराठी पुस्तक वाच,” म्हटले तर पळतात. तीच मुले अक्षर कोरावयास बसली की त्याचे प्रत्येक वळण पाहतात. घाईने सुलट कोरले तर ‘ति’ची वेलांटी पलीकडे जाते आणि ऱ्हस्वाचे दीर्घ होते! मग रडारड, मग नवे खोडरबर. ऱ्हस्वदीर्घाचा जो धडा आम्हांस छडीने शिकवावा लागला, तो एका दहा वर्षांच्या मुलाने चार खोडरबरांत पुरा केला. ‘ळ’ मात्र दयाळू अक्षर आहे. उलटे कोरले गेले तरी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आम्ही २०१९ साली पुन्हा येथे बदलून आलो. काकू थकल्या होत्या, हात कापत असे, पण संक्रांतीच्या आधीच्या रविवारी खुर्ची टाकून बसत आणि खरोखरच देखरेख करीत. २०२० च्या अखेरीस त्या गेल्या. त्या काळात मंडळ बंद होते, माणसे माणसांना भेटत नव्हती. त्या संक्रांतीस कार्डे निघाली नाहीत. आमच्या कन्येने बंगलोराहून भ्रमणध्वनीवर तिळगुळाचे एक हलते चित्र पाठविले. त्यात पतंग होते, अक्षरेही सुबक होती. आम्ही ते पाहिले आणि लगेच पुढचे पाहिले. दिवसभरात अशी साठ चित्रे आली. कोणाचे कोणते, हे संध्याकाळी सांगता आले नसते. यात कोणास दोष देण्यासारखे नाही. आम्हीही त्यांतलीच काही पुढे पाठविली.

महिन्याभराने काकूंच्या चिरंजीवांनी घर आवरताना एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आमच्या स्वाधीन केला. आत एकशे बारा ठसे निघाले. प्रत्येकाच्या पाठीवर शाईने वर्ष आणि करणाऱ्या मुलाचे नाव. काही रबरे कडक होऊन तडकली आहेत, काही एकमेकांस चिकटली आहेत. खोडरबर प्लास्टिकास लागून राहिले की वितळते, हे पुढील संग्राहकांनी लक्षात ठेवावे. आम्ही आता प्रत्येक ठसा बटरपेपरात गुंडाळून ठेवला आहे. २००४ चा पहिला ‘ळ’ त्यात आहे. त्याचा डावा वळसा झिजला असून दाब थोडा अधिक द्यावा लागतो. ज्यांची नावे पाठीवर आहेत त्यांपैकी बरेच जण आज मुलाबाळांचे झाले आहेत. कोणी हैदराबादेत, कोणी पुण्यात, दोघे परदेशात. गेल्या वर्षी आम्ही त्यांतील काहींना त्यांचाच जुना ठसा उमटविलेली कार्डे पाठविली. आठांपैकी पाच जणांची उत्तरे आली; त्यांतील तीन टपालाने. एकीने उत्तरात आपल्या मुलीने बटाट्यात कोरलेला ‘ळ’ पाठविला आहे. तो सुलट कोरलेला आहे, म्हणजे उमटला आहे तो उलट. आम्ही तो डब्यात ठेवून दिला.

आमची सेवानिवृत्ती आता फार दूर नाही. त्यानंतर आम्ही मिरजेस जाऊ. डबा मंडळाच्या कचेरीतील डाव्या हाताच्या कपाटात, वरच्या खणात आहे. किल्ली चिटणीसांकडे असते. संक्रांतीच्या आधीचे दोन रविवार, सकाळी दहा वाजल्यापासून सभागृह या कामासाठी राखून ठेवले आहे. येताना जुना टॉवेल, एक खोडरबर आणि घरात पडून असलेल्या लग्नपत्रिका आणाव्यात. पाते मोठ्यांनीच हाताळावे. पहिला ठसा कागदावर उमटवून, तो नीट वाचून पाहूनच पुढे जावे.